हिवाळ्यात लोफोटेन, कुटुंबासकट: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

लोफोटेन ही नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्याजवळची बेटं. साधारण ६८ अंश उत्तर अक्षांश, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर. समुद्रातून सरळ उभे राहिलेले डोंगर, त्यांच्या पायथ्याशी लाल लाकडी घरं आणि बंदरात मासेमारीच्या बोटी. हिवाळ्यात तिथे सगळं बंद असेल असं वाटतं. पर्यटकांची काही उपाहारगृहं आणि छोटी संग्रहालयं बंद असतातही. पण बेटांची खरी सुगी हिवाळ्यातच असते. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला शेकडो किलोमीटर पोहत इथल्या व्हेस्टफ्योर्ड या रुंद खाडीत येतो. या स्थलांतर करणाऱ्या कॉडला इथे ‘स्क्राय’ म्हणतात, आणि जवळजवळ हजार वर्षं बेटांचा संसार त्यावर चाललाय. म्हणून माझं मत असं, की मुलाबाळांना घेऊन जायचंच तर मासळीच्या हंगामात जा. फक्त वेळापत्रक वाऱ्याच्या हातात द्यायची तयारी ठेवा.

पहिलं काम: महिना ठरवा

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि लोफोटेनचा उजेड यांचं फारसं जमत नाही. नाताळच्या सुट्टीत जावंसं वाटतं, पण साधारण ७ डिसेंबर ते ५ जानेवारी या काळात स्वोल्व्हेरला, म्हणजे बेटांवरच्या मुख्य गावात, सूर्य उगवतच नाही. पूर्ण काळोख नसतो. दुपारच्या सुमाराला काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि तो सुंदर दिसतो. पण लहान मुलांना आणि आजी-आजोबांना सलग आठवडाभर तो झेपेलच असं नाही. शिवाय त्या उजेडात अनोळखी बर्फाळ रस्त्यावर गाडी चालवायची असते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दिवस सुमारे सहा तासांचा असतो, महिनाअखेरीस साडेनऊ तासांच्या आसपास जातो आणि २० मार्चला बारा तासांचा होतो. रात्री अरोरा, म्हणजे आकाशातला हिरवट ध्रुवीय प्रकाश, दिसण्याइतका अंधार, दिवसा फिरण्याइतका उजेड, डोंगरावर बर्फ आणि बंदरात मासळी, हे सगळं एकत्र हवं असेल तर फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर हा काळ धरा. ज्यांच्या मुलांची वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्याला संपते त्यांनी शेवटचा आठवडा पाहावा. पण ईस्टर कधी आहे ते आधी तपासा. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बहुतेक दिवस दुकानं बंद असतात आणि चांगली घरं नॉर्वेच्या लोकांनी केव्हाच धरून ठेवलेली असतात.

थंडीची मात्र उगाच धास्ती घेऊ नका. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे इथलं हिवाळ्यातलं तापमान बहुधा शून्याच्या आसपास घुटमळतं. लेह-लडाखची जानेवारी याहून कितीतरी कडक. त्रास होतो तो वाऱ्याचा, आणि पावसानं बर्फ ओला होऊन पुन्हा गोठला की होणाऱ्या निसरड्याचा.

व्हिसा आणि विमान

नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या आतल्या मुलांची ४५ युरो, आणि सहाच्या आतल्यांना माफ. सेवा केंद्राचे पैसे वेगळे. किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतोच. आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांच्या जुन्या आजारांचं त्या विम्यात काय लिहिलंय ते बारीक अक्षरांसकट वाचा. मूल आई किंवा वडील यांपैकी एकाबरोबरच जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र वेळेत तयार ठेवा.

मुंबईहून आखातातून किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून ऑस्लो गाठायचं. पुढे तीन वाटा आहेत. पहिली, ऑस्लो ते एव्हेनेस. हा हार्स्टा आणि नार्विक या दोन गावांचा मिळून विमानतळ आहे, मोठी विमानं उतरतात आणि तिथून स्वोल्व्हेर रस्त्यानं सुमारे १६५ किलोमीटर. दुसरी, ऑस्लो ते बोडो आणि तिथून छोट्या पंख्याच्या विमानानं अर्ध्या तासात स्वोल्व्हेर किंवा लेकनेस. तिसरी, बोडोहून मॉस्केनेसची फेरीबोट, सव्वातीन तासांच्या आसपास.

कुटुंबाला मी पहिलीच वाट सुचवेन. छोटं विमान सुरेख आहे, खिडकीतून बेटं उलगडत जातात, पण धावपट्ट्या आखूड आहेत आणि वारा वाढला की उड्डाण रद्द होतं. फेरीबोट हिवाळ्यात खुला व्हेस्टफ्योर्ड ओलांडते. ज्यांना अलिबागच्या बोटीतही मळमळतं त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. एव्हेनेसहून मात्र २००७ मध्ये पुलांचा आणि बोगद्यांचा रस्ता पूर्ण झाल्यापासून फेरीविना थेट बेटांवर पोचता येतं. गाडी चालवायची नसेल तर या मार्गावर बस आहे, पण फेऱ्या मोजक्या असतात. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं बघा.

मुक्काम: दोनच ठिकाणं

स्वोल्व्हेरपासून रस्ता संपतो त्या ‘ओ’ गावापर्यंत अंतर जेमतेम १३० किलोमीटर. नकाशा बघून वाटतं, रोज नवीन गाव करू. तसं करू नका. बर्फात सामान चढवणं-उतरवणं, मुलांना पाच थरांचे कपडे घालणं-काढणं, यातच उजेडाचे तास संपतात. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक, असे दोन मुक्काम पुरेत. पूर्वेला स्वोल्व्हेर, काबेलवॉग किंवा हेनिंग्सव्हेर. पश्चिमेला रायने, हाम्नोय, साक्रिसोय यांच्यापैकी काही, नाहीतर लेकनेसजवळचं बाल्स्टा. एकच मुक्काम करायचा असेल तर बाल्स्टा किंवा लेकनेसचा परिसर मधोमध पडतो.

राहायचं ते रोरबूमध्ये. रोरबू म्हणजे हंगामापुरत्या येणाऱ्या मच्छीमारांची झोपडी, पाण्यात खांब रोवून उभी केलेली, बहुधा लाल रंगाची. काबेलवॉगजवळच्या व्होगन इथे राजा ओयस्टाइननं ११२० च्या सुमारास अशा झोपड्या बांधून घेतल्याची नोंद आहे. आताच्या रोरबूंना स्वयंपाकघर, गरम पाणी, हीटर सगळं असतं. नोंदणी करताना मात्र चार गोष्टी विचारा. चादरी आणि टॉवेल भाड्यात आहेत का? शेवटची साफसफाई कोण करणार? अनेक ठिकाणी दोन्हीचे वेगळे पैसे पडतात. झोपायची खोली माळ्यावर आहे का, आणि शिडी किती उभी आहे? आणि गाडीपासून दारापर्यंत किती चालावं लागतं? धक्क्याच्या लाकडी फळ्या पहाटे काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. म्हातारी माणसं असतील तर हा चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

गाडी

भारतीय परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना न्या. गाडी मोठी घ्या, कारण हिवाळी जाकिटांनीच निम्मी जागा जाते. हिवाळी टायर मिळतातच, पण खिळ्यांचे टायर मागून घ्या. या भागात १६ ऑक्टोबर ते ३० एप्रिल ते वापरायला परवानगी आहे. मुलांच्या सीट गाडीबरोबरच नोंदवा. १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट किंवा बूस्टर लागतोच.

तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं आणि दिवे दिवसाही चालू ठेवायचे. दारूची मर्यादा इतकी खालची आहे की एक बिअरही नको. मुख्य रस्ता ई १० चांगला आहे आणि बर्फ नियमित काढला जातो, पण हेनिंग्सव्हेर किंवा नुसफ्योर्डकडे वळलात की रस्ता अरुंद होतो. समोरून गाडी आली तर ‘एम’ अक्षराची निळी पाटी असलेल्या रुंद जागेत थांबायचं. तुमच्या मागे चार गाड्या जमल्या असतील तर याच जागेत बाजूला होऊन त्यांना जाऊ द्या. त्या कामावर चाललेल्या आहेत. आणि फोटोसाठी रस्त्यातच गाडी उभी करू नका! हाम्नोयच्या पुलाजवळ हे रोज घडतं आणि स्थानिक लोक त्यावर वैतागलेले असतात.

वाऱ्याच्या दिवशी गाडी उभी करताना तिचं तोंड वाऱ्याकडे ठेवा आणि मुलांना स्वतः दार उघडू देऊ नका. मागून झोत आला तर दार बिजागरीतून पिरगळतं, आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यात ते नुकसान बसेलच असं नाही. निघण्यापूर्वी रोज दोन गोष्टी पाहायच्या: ‘यर’ या सरकारी हवामान सेवेवर वाऱ्याचा वेग आणि झोत, आणि रस्ते विभागाच्या नकाशावर बंद रस्ते. दूरध्वनीवर १७५ लावूनही रस्त्यांची माहिती मिळते. वादळात पूल बंद होतात, आणि पश्चिमेकडे डोंगराखालून जाणारा रस्ता हिमप्रपाताच्या भीतीनं बंद ठेवला जातो. तो उघडायची वाट बघायची, एवढंच आपल्या हातात असतं.

अंगावर काय

सगळ्यात आत लोकरीचे पातळ कपडे, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट व पँट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, कारण सूत घाम धरून ठेवतं आणि मग गारठा आतून येतो. कानटोपी, दोन जोड हातमोजे (एक ओला होणारच), मफलरऐवजी गळ्यात सरकवायची लोकरी नळी. मुलांसाठी एकसंध बर्फाचा सूट सर्वांत सोपा. जाड आणि महागड्या बुटांपेक्षाही उपयोगी पडतात ते बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे. तिथल्या खेळसामानाच्या दुकानात मिळतात. पोचल्या दिवशीच सगळ्यांसाठी घ्या, आजींसाठी आधी. काळोखात चालताना जाकिटाला चमकणारी पट्टी लावायची पद्धत आहे, तीही घ्या.

जेवणाचं

बाहेर जेवणं महाग आहे. एका क्रोनरचे साधारण आठ रुपये धरले तर फिश सूपची एक वाटी दीड-दोन हजार रुपयांच्या घरात जाते. म्हणून रोरबूचं स्वयंपाकघर वापरायचं. स्वोल्व्हेर आणि लेकनेसला मोठी किराणा दुकानं आहेत. पश्चिमेकडे जाण्यापूर्वी लेकनेसला गाडी भरून घ्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, हे शनिवारी दुपारीच आठवलं पाहिजे. तांदूळ, लाल मसूर, बटाटे, कोबी, गाजर, अंडी, साधं दही सहज मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका.

घरून न्यायचं ते मसाल्याचा डबा, गोडा मसाला, मेतकूट, पोहे, थालीपिठाची भाजणी, चिवडा, बाकरवडी. युरोपबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत न्यायला बंदी आहे, तेव्हा तूप, पेढे, खवा पिशवीत टाकू नका. तिथलं बिनमिठाचं लोणी उत्तम असतं. एका संध्याकाळी कढवलं की आठवड्याचं तूप होतं. बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची शेगडी असते, आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापत नाही. न्यायचाच असेल तर स्टीलचा, इंडक्शनला चालणारा न्या.

फोडणीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं. ही घरं लाकडाची असतात आणि धुराचे भोंगे त्या मानानं जागरूक असतात. मिरचीची फोडणी देण्यापूर्वी पंखा पूर्ण वेगावर करा, खिडकी उघडा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. भोंग्यावर कापड बांधायची युक्ती मात्र करू नका.

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. हंगामात ताजा स्क्राय मिळतो. कॉडबरोबर त्याचं काळीज (लिव्हर) आणि गाबोळी असं एकत्र ताट इथे मोठ्या प्रेमानं खातात. मुलांना फिश केक बहुधा आवडतात. तळलेल्या कॉडच्या जिभा एकदा तरी चाखून बघा. शाकाहारी माणसाला बाहेर पिझ्झा, बटाटे आणि ब्रेड यांवर भागवावं लागेल, म्हणून डबा बरोबर असू द्या.

दिवसाचा बेत

रोज एकच मोठी गोष्ट ठरवा आणि तीही आदल्या रात्री हवामान बघून. वारा पडलेला असेल तो दिवस समुद्राचा किंवा किनाऱ्यांचा, वादळाचा दिवस संग्रहालयाचा.

समुद्राचा दिवस म्हणजे स्वोल्व्हेरहून ट्रोलफ्योर्ड. उभ्या कड्यांच्या मधली, सुमारे दोन किलोमीटर लांब, तोंडाशी जेमतेम शंभर मीटर रुंद खाच. वाटेत समुद्री गरुड दिसतात. उघड्या वेगवान रबरी बोटीही असतात, पण मुलं आणि वयस्कर असतील तर बंद, गरम सलून असलेली बोट घ्या. १८९० मध्ये याच खाचेत वाफेच्या जहाजांनी वाट अडवून मासळी आपल्यापुरती राखायचा प्रयत्न केला आणि छोट्या होड्यांचे मच्छीमार त्यांच्यावर तुटून पडले. शाळकरी मुलांना ही गोष्ट बोटीत सांगा, कड्यांकडे ती वेगळ्या नजरेनं बघतील.

मासळी बघायची तर दुपारी बंदरावर जा. हेनिंग्सव्हेर, बाल्स्टा, स्वोल्व्हेर इथे बोटी परततात, मासे उतरतात, डोकी वेगळी होतात. आत शिरण्यापूर्वी विचारा, कारण फोर्कलिफ्ट सतत फिरत असतात. नशीब असेल तर कॉडच्या जिभा कापणारी शाळकरी मुलं दिसतील. हे काम पिढ्यान् पिढ्या मुलांचंच आहे आणि त्याचे पैसेही त्यांचेच. आपल्या मुलांना यापेक्षा मोठं आश्चर्य अरोराचंही वाटणार नाही, अशी माझी शंका आहे.

फेब्रुवारीपासून मे पर्यंत गावोगाव लाकडी मांडवांवर कॉडच्या जोड्या शेपटीला बांधून टांगलेल्या असतात. वर्सोवा-अर्नाळ्याला बांबूवर सुकणारे बोंबील आठवावेत असं दृश्य, फक्त इथे मासा हातभर लांब आणि ऊन अगदी मवाळ. मीठही लावत नाहीत. शून्याच्या आसपासची हवा आणि वारा, एवढ्यावर मासा सुकतो. कडक गोठण पडली तर तो बिघडतो, ऊब आली तर माश्या बसतात. लोफोटेनचा हिवाळा नेमका या दोहोंच्या मधला आहे. चांगला माल मुख्यतः इटलीला जातो. १४३२ मध्ये पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून इथल्या रोस्ट बेटाला लागला आणि जाताना सुका मासा घेऊन गेला, तेव्हापासूनची ही ओढ सांगतात. सुकी डोकी जातात नायजेरियाला, रश्श्यासाठी. मांडवांखाली फिरा, वास घ्या, पण मुलांना वर चढू देऊ नका आणि माशाला हात लावू देऊ नका. ते कोणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न आहे. लहानपणी गिळलेल्या कॉड लिव्हर ऑइलच्या पिवळ्या गोळ्यांचं मूळही हाच मासा. पीटर म्युलर नावाच्या औषधविक्रेत्यानं १८५० च्या दशकात त्याच्या काळजातून वाफेवर स्वच्छ तेल काढायची रीत वापरात आणली.

वादळाच्या दिवसासाठी काबेलवॉगला मत्स्यालय आणि लोफोटेन संग्रहालय शेजारी-शेजारी आहेत. बोर्गला व्हायकिंग सरदाराचं ८३ मीटर लांब घर पुन्हा उभं केलेलं आहे, आतला अंधार आणि चूल मुलांना फार आवडते. हिवाळ्यात वेळा कमी असतात, त्या आधी बघा. किनाऱ्यांपैकी हाउकलान, उत्ताक्लेव आणि रामबर्ग गाडीतून उतरल्यावर लगेच गाठता येतात. उन्स्टाला बर्फात लाटांवर स्वार होणारे सर्फर दिसतात. पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं नाही, हा नियम मुलांना तिथे पोचण्याआधी सांगा.

रायनेब्रिंगेनचा डोंगर मात्र या खेपेला सोडा. नेपाळच्या शेर्पांनी बांधलेल्या जवळजवळ दोन हजार दगडी पायऱ्या उन्हाळ्यासाठी आहेत. हिवाळ्यात त्या बर्फाखाली जातात आणि उतारावर हिमप्रपाताचा धोका असतो.

अरोरा

अरोरासाठी निरभ्र आकाश, काळोख आणि सहनशक्ती लागते. सौर हालचालींचे आकडे सांगणारी ॲप बघत बसण्यापेक्षा ढगांचा अंदाज बघा. बेटं अरोराच्या पट्ट्याखालीच येतात, त्यामुळे बेताची हालचालही पुरते. संध्याकाळी आठ ते मध्यरात्र ही साधारण वेळ. रायने किंवा नुसफ्योर्डसारख्या गावांना उत्तरेला डोंगर आडवा येतो. उत्तरेकडे उघडे असलेले उत्ताक्लेव, उन्स्टा किंवा गिम्सोय जास्त चांगले. मुलांना दुपारी झोपवा, गाडीत पांघरूण आणि थर्मासमध्ये गरम दूध ठेवा, आणि एका माणसाला पहाऱ्यावर ठेवून बाकीच्यांना घरात राहू द्या. डोळ्यांना तो पुष्कळदा फिकट राखाडी-हिरवा दिसतो, फोनच्या नाइट मोडमध्ये जास्त गडद. हे मुलांना आधी सांगितलं तर हिरमुसणार नाहीत.

काही बिघडलं तर

रुग्णवाहिका ११३, पोलीस ११२, आग ११०. जिवावरचं नसेल पण डॉक्टर हवा असेल तर ११६११७. रुग्णालय लेकनेसजवळ ग्रावदालला आहे. नेहमीची औषधं चिठ्ठीसकट आणि दोन-चार दिवस जास्तीची न्या. बोट लागणाऱ्यांसाठी गोळ्या आणि आल्याच्या वड्या वेगळ्या ठेवा.

परतीचा दिवस

शेवटची रात्र पश्चिमेला काढू नका. रायनेहून एव्हेनेस म्हणजे चांगल्या हवेतही पाच तासांची गाडी, आणि मध्ये एक जरी रस्ता बंद झाला तर विमान गेलं. आदल्या दिवशी उजेडात स्वोल्व्हेरपर्यंत या, तिथेच इंधन भरा, सकाळी रस्त्यांचा नकाशा बघून विमानाच्या सहा तास आधी निघा. ऑस्लोहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच संध्याकाळचं घेऊ नका, एक रात्र मध्ये ठेवा. आणि वादळाचा इशारा लागलाच असेल तर आदल्या रात्रीच विमान कंपनीला आणि गाडीवाल्याला कळवा. हिवाळ्यात इथे असे फोन त्यांना नेहमीच येतात.